वाऱ्याच्या खुणा

टेलरबाईचा टीव्हीशी संबंध आला तो पडद्यामुळे. काचेच्या नव्हे, कापडाच्या.

बंदरावरच्या जुन्या बर्फाच्या कारखान्यात टीव्हीचं केंद्र निघणार, ही बातमी गावाने आधी हसण्यावारी नेली. कारखाना कधीचा बंद पडलेला. भिंती हातभर जाड, खिडकी औषधालासुद्धा नाही, आणि आत पाऊल टाकलं की भर उन्हाळ्यातही अंगावर शहारा यावा असा गारवा. पण टीव्हीवाल्यांना नेमकी अशीच जागा हवी होती. बाहेर लाँचचे भोंगे वाजोत की गोदीतले हमाल भांडोत, आत चिटपाखराचाही आवाज येत नव्हता. अडचण एकच होती, आतला आवाज घुमायचा. कुणी शिंकलं तर तीच शिंक समोरच्या भिंतीला आपटून परत यायची आणि शिंकणारा दचकून मागे बघायचा.

म्हणून छतापासून जमिनीपर्यंत जाड काळे पडदे हवे होते, आणि एवढं कापड एकसंध शिवील असं मशीन गावात एकाच दुकानात होतं. ते टेलरबाईचं. होड्यांची शिडं, हॉटेलांचे तंबू, नवरीचे पोशाख, आलेल्या कापडाला तिने कधी नाही म्हटलं नव्हतं. चाळिशीला टेकलेली, एकटी राहणारी, बोलायला कमी आणि ऐकायला तयार अशी ही बाई. लग्न करायचं नाही असं काही तिने ठरवलं नव्हतं. करायचं राहून गेलं, एवढंच.

केंद्राच्या प्रमुखांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे. मोठ्या शहरातल्या मोठ्या वाहिनीची नोकरी सोडून त्या इथे आल्या होत्या. टेलरबाई पडद्याची मापं घेत असताना एकदा तिने विचारलं, "एवढं सगळं सोडून इथे कशाला आलात हो?"

बाई शिडी धरून उभ्या होत्या. म्हणाल्या, "तिथे लाखो लोक मला बघायचे, पण मी दोन दिवस दिसले नाही तर विचारणारं कुणी नव्हतं. इथे बेटांवरच्या लोकांना शहरातल्या रहदारीच्या बातम्या दाखवतात. त्यांनी त्या घेऊन काय करायचं? त्यांना हवं असतं लाँच सुटणार की नाही, वारा कुठून येतोय, दवाखान्याची बोट आज कुठल्या बेटावर लागलीय. हे सांगणारं कुणी तरी नको?"

आणि खरोखरच बेटामागून बेट करत त्यांचे टॉवर उभे राहू लागले. सिग्नल एका टॉवरवरून दुसऱ्यावर बेडकासारखा उड्या मारत जायचा. सगळ्यात शेवटचा टॉवर उभा राहिला टोकाच्या बेटावर. तिथे ना रस्ता, ना गाडी. लोखंडाचे तुकडे माणसांनी खांद्यावरून टेकडीवर नेले. त्या माणसांत एक म्हातारा होता, तो सगळ्यांच्या पुढे चालत होता आणि मागच्यांच्या ओरडण्याकडे साफ दुर्लक्ष करत होता. दुर्लक्ष म्हणजे काय, त्याला ऐकूच येत नव्हतं. तो टेलरबाईचा बाप. आप्पा.

टोकाच्या बेटावर काही घरांत बहिरेपण पिढ्यान्‌पिढ्या उतरत आलं होतं, कुणाच्या घरात घारे डोळे उतरतात तसं. आप्पा जन्मापासून ऐकत नव्हते. टेलरबाईची आई ऐकणारी होती, पण ती लवकर गेली, आणि मुलीला वाढवलं ते आप्पांच्या हातांनी. भरवलंही हातांनी, दटावलंही हातांनी, गोष्टीही हातांनीच सांगितल्या. बोलायला शिकायच्या आधी ती हातांनी बोलत होती. पुढे शाळेसाठी आणि मग पोटापाण्यासाठी ती बंदराच्या गावात आली. तिथे हातांना कात्री आणि सुई यांपलीकडे बोलायला कुणी नव्हतं. पंधरवड्यातून एकदा ती लाँचने बेटावर जायची, आणि धक्क्यावर पाय ठेवायच्या आधीच तिचे हात सैल सुटायचे.

टॉवर उभा राहिल्यावर आप्पांनी टीव्ही घेतला. मुलीला वाटलं, ऐकू येत नाही तर काय बघणार? पण आप्पा हरखून गेले होते. लोकांची तोंडं, त्यांच्या भुवया, कोण खोटं बोलतंय, कोण कंटाळलंय, सगळं त्यांना दिसायचं. बातम्या वाचणाऱ्या मुलीकडे बोट करून ते सांगायचे, 'हिचे दात दुखतायत.' आणि पुढच्या आठवड्यात ती मुलगी खरंच सुजलेला गाल घेऊन कामावर आल्याचं टेलरबाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

त्यांचा सगळ्यात लाडका होता हवामान सांगणारा. तिशीचा गोरटेला पोरगा, केस चापून बसवलेले, बोलायला लागला की श्वास घ्यायचं विसरायचा. केंद्रातले लोक त्याला 'वारेमाप' म्हणायचे. वारा मापणं हे त्याचं काम, आणि बडबडही तशीच. नकाशापुढे उभा राहून तो असा प्रसन्न हसायचा की जणू वारा आणि पाऊस त्याच्या घरचे पाहुणे आहेत. 'चांगला मुलगा आहे,' आप्पा खुणेने म्हणायचे. 'ह्याच्या घरी कुणी आजारी नाही.'

मग ते वादळ आलं.

दुपारच्या बातम्यांत वारेमापने सांगितलं होतं, नेहमीसारखंच हसत, की संध्याकाळपर्यंत उत्तरेकडून जोराचं वादळ येतंय, कुणीही पाण्यात जाऊ नये. ऐकणाऱ्यांनी होड्या ओढून वर घेतल्या. आप्पांनी टीव्ही बघितला, हसणारा चेहरा बघितला, आणि लांब खडकांपाशी लावलेली जाळी काढायला होडी घेऊन निघाले. शेजाऱ्यांच्या लक्षात येईपर्यंत ते पार पुढे गेले होते. किनाऱ्यावरून लोकांनी हाका मारल्या. त्या हाकांचा काय उपयोग होता?

दोघा जणांनी जिवावर उदार होऊन त्यांना बाहेर काढलं. होडीचे तुकडे झाले. आप्पा वाचले, पण खांद्याजवळचं हाड मोडलं.

वारा पडल्यावर सुटलेल्या पहिल्या लाँचने टेलरबाई बेटावर पोचली. आप्पा खाटेवर उशाला टेकून बसले होते. उजवा हात फडक्याने गळ्यात बांधलेला. म्हणजे त्यांचं अर्धं बोलणंच गळ्यात बांधून टाकलं होतं. मुलगी दिसताच त्यांनी एका हाताने बोलायची खटपट सुरू केली, आणि ते बोबडं बोलणं नीट दिसावं म्हणून ती खाटेला खेटून बसली.

'तो हसत होता,' आप्पा सांगत होते. त्यांनी डाव्या हाताच्या बोटाने स्वतःच्या ओठांचे कोपरे वर केले. 'हसत होता. मला वाटलं, वारा चांगला आहे.'

ते चिडले नव्हते. नवल करत होते. ओळखीच्या माणसाने फसवलं की म्हातारी माणसं करतात तसं.

टेलरबाई मात्र चिडली. अशी चिडली की परतीच्या लाँचवर शेजारच्या बाईने दिलेला चहा तिच्या हातात तसाच गार झाला. बंदरावर उतरून ती थेट बर्फाच्या कारखान्यात गेली. वारेमाप आरशापुढे बसून तोंडाला पावडर लावून घेत होता.

"तुम्ही हसता कशाला हो?" ती दारातूनच म्हणाली.

"अं? कोण, मी?"

"वादळ येतंय, माणसं मरतील, घराबाहेर पडू नका, हे सांगताना दात काढून हसायचं असतं?"

वारेमापच्या तोंडाला पावडरचा गोळा तसाच राहिला. "ताई, हसून सांगा असं शिकवलंय मला. लोक घाबरू नयेत म्हणून. काय झालं?"

मग तिने काय झालं ते सांगितलं. सांगताना तिला कळलंच नाही की आवाजाबरोबर तिचे हातही बोलताहेत. होडी कशी उलटली, खडक कुठे होता, बापाने एका हाताने ओठांचे कोपरे कसे वर केले, सगळं. वारेमाप बघत राहिला. त्याने पावडरचा गोळा खाली ठेवला. मग म्हणाला, "मी त्यांना भेटायला येऊ का?"

बाई मागे येऊन उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. त्या म्हणाल्या, "ह्याने हसायचं थांबवलं तरी तुमच्या वडिलांना वारा कुठला ते कसं कळणार? त्याचं तोंड पाडलेलं दिसलं तर ते म्हणतील, ह्याचं पोट दुखतंय."

टेलरबाईला रागातही हसू आलं, कारण आप्पा अगदी हेच म्हणाले असते.

"आत्ता तुम्ही जे केलंत," बाई म्हणाल्या, "ते ह्याच्या शेजारी उभं राहून कराल?"

"मी? टीव्हीवर? छे छे! माझं काम पडद्यामागचं."

"पडदा तुम्हीच शिवलाय. थोडं पुढे या."

"अहो बाई, तसं नाही. शहरात शिकवतात ती खुणांची भाषा मला येत नाही. आमच्या खुणा घरच्या आहेत. आमच्या घरात वादळाला खूण काय माहितीय? माझी आजी!" तिने दोन्ही हात कमरेवर ठेवले, गाल फुगवले आणि डोळे वटारले. "आजीचा राग. हे काय टीव्हीवर करायचं?"

बाई पोट धरून हसल्या. मग डोळे पुसत म्हणाल्या, "का नाही? त्या बेटावर ज्यांना कळायला हवं त्यांना कळेल ना?"

"आमच्या घराला कळेल. शेजारच्यांची आजी वेगळी होती."

हा मुद्दा मात्र बिनतोड होता. म्हणून ठरलं की आधी बेटावर जायचं आणि तिथल्या लोकांनाच विचारायचं.

पुढच्या लाँचने टेलरबाई आणि वारेमाप दोघं निघाले. वाटेत लाटांनी वारेमापच्या पोटातलं सगळं बाहेर काढलं. वाऱ्याचा एवढा मोठा जाणकार, पण वाऱ्याशी त्याची समोरासमोर भेट अशी कधी झाली नव्हती. धक्क्यावर उतरला तेव्हा तो लिंबासारखा पिवळा पडला होता. आप्पा दारात उभे होते. त्यांनी पाहुण्याला एका नजरेत ओळखलं आणि आधी पाणी दिलं.

वारेमापला माफी मागायची होती. तो वाकला, हात जोडले, छातीवर हात ठेवला, डोळ्यांत पाणी आणलं. आप्पांनी मुलीकडे बघितलं.

'ह्याला उलटी पुन्हा होणार आहे का?'

'नाही आप्पा. तो माफी मागतोय.'

आप्पांनी वारेमापचा चेहरा निरखला. मग त्यांनी चांगला हात पुढे केला, त्याच्या ओठांचे दोन्ही कोपरे दोन बोटांनी धरून हलकेच खाली ओढले आणि मान डोलावली. हे असं, वादळ असेल तेव्हा. मग तेच कोपरे वर ढकलले. हे असं, बाकीच्या दिवशी. आणि गालावर एक चापटी मारून विषय संपवला.

दुपारी बेटावरची न ऐकणारी सगळी माणसं आप्पांच्या अंगणात जमली. वादळाला खूण काय करायची, हा प्रश्न टेलरबाईने मांडला, आणि जे भांडण पेटलं ते विचारू नका. एकाचं म्हणणं, झाड मोडतं तसं. दुसऱ्याचं म्हणणं, होडी उलटते तसं. शेजारची मावशी, नात्याने कुणी नसली तरी जिच्याशी आप्पांचं सख्ख्या बहिणीसारखं रोज वाजायचं, ती 'उद्या'च्या खुणेवरून अडून बसली. आप्पांच्या घरात उद्या म्हणजे उशी. झोपून उठलं की उद्या. मावशीच्या घरात उद्या म्हणजे कोंबडा. 'कोंबडा आजही आरवतो!' आप्पा एका हाताने ओरडले. 'उशीवर तू दुपारीही असतोस!' मावशीने दोन्ही हातांनी सुनावलं. हात एकच असल्यामुळे आप्पा हरत चालले होते, आणि ते त्यांना मुळीच सहन होत नव्हतं.

वारेमाप मधोमध बसून हे सगळं बघत होता. अंगणात एवढा गदारोळ चाललेला आणि आवाज म्हणाल तर फक्त समुद्राचा. "ताई," तो हळूच म्हणाला, "मी आयुष्यात एवढा गप्प कधी बसलो नव्हतो. बरं वाटतंय."

सूर्य कलेपर्यंत समेट झाला. उद्याला कोंबडा ठरला. वादळाला दोन्ही तळहात होडीसारखे जोडून झटक्यात उलटे करायचं ठरलं. त्या खुणेवर सगळ्यांची नजर नकळत आप्पांकडे गेली, आणि आप्पांनी मोठ्या मनाने मान हलवली. दिशांना, लाटांना, धुक्याला, लाँच बंद आहे याला, एकेक खूण ठरत गेली. आजीचा राग मात्र टेलरबाईच्या घरातच राहिला.

पहिल्या दिवशी नकाशाशेजारी उभं राहिल्यावर टेलरबाईचे हात गोठले. दिवे तोंडावर आलेले, समोर कॅमेऱ्याचा काळा डोळा, भोवती तिनेच शिवलेले पडदे. आपण टीप कुठे वाकडी घातलीय तेवढंच तिला दिसत होतं. मनात आलं, गावातली सगळी गिऱ्हाइकं बघत असतील. म्हणतील, टेलरबाईला झालंय काय, माश्या हाकलतेय का?

वारेमापने सुरुवात केली. "नमस्कार. आज..." आणि तो थांबला.

असा तो आजवर कधीच थांबला नव्हता. आत बसलेल्यांना वाटलं, ह्याचा घसा बसला. तो तिच्याकडे वळून उभा राहिला, दोन्ही हात शांत सोडून, आणि वाट बघत राहिला. टीव्हीवर एवढी शांतता म्हणजे घोर पाप. पण बाईंनी आतून कुणाला हूं की चूं करू दिलं नाही.

टेलरबाईने त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. तो हसत नव्हता, घाबरवतही नव्हता. आप्पांच्या अंगणात बसला होता तसा तो उभा होता. तिचा उजवा हात उचलला गेला. आज. वारा. दक्षिणेकडून. हलका. मग डावा हात आला. मासे धरायला जा. दुपारी परत या.

त्या दिवसापासून वारेमाप थांबून थांबून बोलू लागला. एक वाक्य बोलायचा, तिचे हात होईपर्यंत थांबायचा, मग पुढचं. सुरुवातीला काही जणांनी नाकं मुरडली, की हा आता अडखळतो. पण थोड्याच दिवसांत बेटांवरच्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचे निरोप येऊ लागले की बाबा, आता कुठे तुझं बोलणं आम्हाला समजायला लागलंय, आधी नुसती आगगाडी जायची.

आप्पा रोज बघायचे, आणि प्रत्येक भेटीत चुका काढायचे. 'धुकं असं नाही. तुझं धुकं म्हणजे कपडे वाळत घालतेस.' 'मान वर ठेव.' 'पदर नीट घे, सारखा सुटतो.' 'वाळलीस. जेवतेस ना?' शेवटच्या दोन गोष्टींचा हवामानाशी संबंध काय, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी ऐकू न आल्याचा आव आणला.

एके सकाळी ती केंद्रात शिरत होती तेव्हा दरवाजाजवळ एक माणूस उभा दिसला. साठीच्या पुढचा, उंच, अंगात धुऊन इस्त्री केलेला पण बटणं वरखाली लागलेला सदरा. पहारेकरी वैतागला होता. "सकाळपासून उभा आहे. काही विचारलं तर बोलत नाही. नुसते हात हलवतो."

त्या माणसाने टेलरबाईला बघितलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की तिला वाटलं, आपली ओळख असणार, आपणच विसरलो. त्याने हात उचलले. अगदी सावकाश, पाठ केलेला धडा म्हणावा तशा त्याने खुणा केल्या.

'आज. वारा. हलका. उत्तरेकडून. उद्या. लाटा. लाँच आहे.'

तिने उत्तर दिलं, 'तुम्ही कुठून आलात?'

त्याला समजलं नाही. तिने दुसऱ्या तऱ्हेने विचारलं, तिसऱ्या तऱ्हेने विचारलं. तो नुसता तिच्या हातांकडे बघत होता, पाण्यात पडलेली वस्तू शोधावी तसा. मग पुन्हा म्हणाला, 'धुकं. नाही. होडी. आज.'

आणि टेलरबाईच्या लक्षात आलं. ह्या माणसाजवळ एवढेच शब्द होते. कुठल्या तरी बेटावर, जिथे सगळे ऐकणारे होते, तिथे हा एकटाच न ऐकणारा. जन्मभर त्याच्याशी कुणी बोललंच नव्हतं. जेव, ऊठ, हे उचल, ते ठेव, एवढं बोट दाखवून सांगितलं असेल. आणि आता म्हातारपणी टीव्हीसमोर बसून, रोज तिच्या हातांबरोबर आपले हात हलवत, तो हवामान शिकला होता. जगात त्याला बोलता येत होतं ते फक्त वाऱ्याबद्दल.

ती दरवाजातच पायरीवर बसली. तिला रडू आवरेना. तो घाबरला. त्याने घाईघाईने हात हलवले. 'पाऊस नाही,' तो सांगू लागला, पुन्हा पुन्हा. 'आज पाऊस नाही. पाऊस नाही.' ती रडता रडता हसायला लागली, तेव्हा कुठे तो थांबला.

काम आटोपून ती त्याला आप्पांकडे घेऊन गेली. बाईंनी केंद्रातून चौकशी केली, तो कुठल्या बेटाचा ते काढलं, आणि त्याच्या भाच्याला कळवलं की मामा सुखरूप आहे, काळजी नको. भाचा म्हणाला, "मामा गेला कसा? तो कधी अंगणाबाहेर पडत नाही!" लाँच आहे एवढं त्याला टीव्हीवरून कळलं होतं, आणि तेवढ्यावर तो निघाला होता.

आप्पांचं हाड तोवर जुळलं होतं. पाहुण्याला समोर बसवून त्यांनी चहा दिला. मग कपाकडे बोट करून त्यांनी खूण केली. कप. पाहुण्याने केली. चहा. केली. गरम. केली, आणि फुंकर मारून दाखवली. मग आप्पांनी त्याच्याकडे बोट केलं, स्वतःकडे केलं, आणि दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवली. दोस्त. ती खूण पाहुण्याने लगेच केली नाही. आधी आप्पांच्या गुंतलेल्या हातांना त्याने हात लावून बघितला.

टेलरबाईला दुसऱ्या दिवशी कामावर जायचं होतं. पाहुणा चार दिवस राहील, मग त्याला भाच्याकडे सोडू, असं ठरवून ती निघाली.

चार दिवसांचे किती झाले ते कुणी मोजलं नाही. भाचा एकदा आला, मामाला खुशीत बघून त्याचे कपडे तिथेच ठेवून गेला. बेटावरची मंडळी रोज संध्याकाळी आप्पांच्या अंगणात जमू लागली. पाहुण्याला शिकवायची सगळ्यांना हौस. आप्पांनी त्याला 'उद्या'साठी उशीची खूण शिकवली, ती मावशीने त्यांच्या पाठीमागे मुद्दाम विसरायला लावली. दोघं म्हातारे एका खोलीत झोपायचे. कोण घोरायचं, हे दोघांनाही शेवटपर्यंत कळणार नव्हतं.

केंद्रानेही मनावर घेतलं. बाईंनी वारेमापच्या पाठोपाठ दर आठवड्याला एक कार्यक्रम सुरू केला, नुसत्या खुणांचा. त्यात हवामान नसायचं. त्यात स्वयंपाक, औषधं, कुणाचं काय चाललंय, कुठल्या बेटावर कोण आहे, हे असायचं. तो बघून आणखी दोन बेटांवरून अशीच माणसं पुढे आली. एक तरुण सुतारीण, आणि एक आजी, जिला घरच्यांनी आजवर 'भोळी' समजून सोडून दिलं होतं. ती भोळी मुळीच नव्हती. हात सुटल्यावर पहिल्याच भेटीत तिने सगळ्या सुनांची उणीदुणी काढली.

अशीच एकदा टेलरबाई बेटावर गेली ती दिवसाउजेडी, हातात आप्पांसाठी शिवलेला नवा सदरा आणि पाहुण्यासाठी दुसरा, बटणांऐवजी बंद लावलेला. दार उघडंच होतं. आत दोघं म्हातारे जाळं मांडीवर घेऊन बसले होते आणि कडाक्याचं भांडत होते. पाहुण्याचे हात आता झपझप चालत होते. आप्पा रागाने लाल झाले होते, कमरेवर हात ठेवून, गाल फुगवून.

तिला बघताच दोघांनी मांडीवरचं जाळं बाजूला टाकलं आणि एकदमच तिच्याशी बोलू लागले. आप्पांचं म्हणणं एक, पाहुण्याचं दुसरं. गाठ कशी मारायची यावरून होतं की चहात साखर किती यावरून, तिला पत्ता लागेना. एकाकडे बघावं तर दुसरा तिची बाही ओढायचा, दुसऱ्याकडे वळावं तर पहिला जमिनीवर पाय आपटायचा.

'थांबा,' ती दोन्ही हात वर करून म्हणाली. 'एकेकाने बोला. आधी पाहुणे.'

आप्पा धुसफुसत मागे टेकले. पाहुण्याने सदऱ्याची कड सारखी केली, तिच्या समोर नीट बसला, आणि पहिल्यापासून सांगायला लागला.